वरच्या फेरीचा चिमटा

आपल्याला आयुष्यात कुणाचा हेवा वाटला नाही, असं चिमटेकाका सांगायचे. इतकं ठासून सांगायचे की ऐकणाऱ्याला शंका यावी. शेवटी चौपन्नाव्या वर्षी तो वाटलाच, आणि तोही कुणाच्या बंगल्याचा, बढतीचा किंवा डोक्यावरच्या दाट केसांचा नाही, तर एका सायकलच्या पुढच्या दांड्याचा.

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेलं असतं त्याला चिमटा म्हणतात. टपाल कचेरीच्या अठराही सायकली डोंगरी होत्या आणि त्यांचे चिमटे शॉकअपचे. आत स्प्रिंग, आत तेल. दगड आला की दबायचे, गेला की वर यायचे. हे चिमटे उघडायचे, धुवायचे, तेल बदलून पुन्हा जोडायचे, हे काम एकोणतीस वर्षं एकाच माणसाकडे होतं, म्हणून त्या माणसाचं नाव चिमटेकाका पडलं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच सुखात होतं.

कचेरीच्या मागे एक लांबट खोली, अंगणाकडे उघडणारी एक खिडकी आणि खिडकीखाली एक जाड लाकडी टेबल, एवढी त्यांची दुनिया. टेबलाला सुटे भाग घट्ट धरणारे दोन लोखंडी वाइस होते. एकात काका काम करायचे, दुसरा चार वर्षं रिकामा होता. प्रत्येक सायकलची एक वही होती. काकांनी कुठलाही स्क्रू न मोजता फिरवला नाही. आधी पेन्सिलीनं लिहायचं, मग फिरवायचं, मग पुन्हा लिहायचं. आणि बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या लोखंडावर. रस्त्याच्या हादऱ्यानं स्क्रू फिरला तर ठिपका फाटतो, लांबूनही कळतं. साधा रंग तेलात टिकत नाही, म्हणून त्यासाठी नेलपॉलिश. पहिली बाटली बायकोनं आणून दिली होती. दुकानदारानं विचारलं, तुम्हाला कुठला रंग शोभेल? ती म्हणाली, मला नको, स्क्रूला शोभेल असा द्या. ही गोष्ट काका वर्षातून दोनदा तरी सांगायचे.

बायको त्याच कचेरीत टपाल वाटायची. बावीस वर्षं वरची फेरी तिच्याकडे होती. वरची फेरी म्हणजे नदीपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा सगळा चढ, गोट्यांची फरसबंदी, पायऱ्यापायऱ्यांचे बोळ, एकशे चाळीस दारं. लोक ही फेरी टाळायला आजारी पडायचे. ती ही फेरी कुणी काढून घेऊ नये म्हणून आजारपण लपवायची. वर कुणाचं पत्र यायचं थांबलंय, कुणाच्या दारात पायऱ्या निसरड्या आहेत, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे सगळं तिला पाठ होतं.

दुखणं होतं ते मनगटांचं. चढावर चिमटा मोकळा असला की पायडलवर दिलेला जोर त्या दबण्यातच जातो, सायकल नुसती मान डोलावते. म्हणून चिमट्याला वर एक खटका असतो. चढताना लावायचा म्हणजे चिमटा काठीसारखा ताठ होतो, उतारावर सोडायचा म्हणजे पुन्हा मऊ. कागदावर सोपं आहे. पण एकशे चाळीस दारं, हातात पत्रं, दर दोन मिनिटांनी चढ आणि उतार, यात खटका कोण लक्षात ठेवणार? ती लावायला कधी विसरायची नाही, कारण पाय बोंबलायचे. सोडायला मात्र रोज विसरायची आणि ताठ चिमट्यावर गोट्यांवरून खाली यायची. सगळा हादरा मनगटात.

मग संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती दोन्ही मनगटं ठेवायची आणि काका तेल कोमट करून चोळायचे. आधी उजवं, मग डावं. त्या अर्ध्या तासात सगळं बोलणं व्हायचं. वरच्या दारांच्या बातम्या, खालच्या साहेबांच्या तक्रारी, लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचा फोन. काकांना तो अर्धा तास दिवसातल्या सगळ्या तासांपेक्षा प्यारा होता. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या वेळी दाराची घंटा वाजली तर ते दार उघडायचे नाहीत.

हिवाळ्याच्या शेवटी कचेरीच्या डॉक्टरीणबाईंनी तिची मनगटं दाबून पाहिली आणि साहेबांना सांगितलं की हे असं चालणार नाही. दोन महिन्यांत सूज उतरली तर ठीक, नाहीतर वरची फेरी बंद, टपाल निवडायच्या टेबलावर बसायचं. साहेब म्हणाले, योगायोगच आहे, एक कंपनी आपोआप लागणारा आणि आपोआप सुटणारा चिमटा आणतेय, चाचणीसाठी एक फुकट देतेय. ताईंच्या सायकलला लावू. आणि चाचणीचा अहवाल लिहायचा चिमटेकाकांनी.

काका खूश झाले. मग कंपनीचा माणूस अंगणात आला आणि त्यांची खुशी जागच्या जागी मावळली.

तो टापटीप होता. चार वर्षं रिकाम्या असलेल्या वाइसचा मालक. काकांच्या शेजारी अकरा वर्षं काम केलेला, काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान, हाताला तेल लागलं की लगेच पुसणारा, म्हणून टापटीप. कंपनीत जातो म्हणाला तेव्हा काकांनी त्याला स्वतःचा सर्वांत चांगला पाना दिला होता आणि नंतर महिनाभर त्या पान्यासाठी हळहळले होते.

"दादा, ओळखलंत ना?" टापटीप म्हणाला. पांढरा शर्ट, बाहीवर एक डाग नाही.

"न ओळखायला काय झालं? हात तर अजून पुसतोयस."

चिमटा सायकलला बसला. काकांनी नेहमीप्रमाणे छातीचा भार देऊन हँडल दाबलं. गेली एकोणतीस वर्षं ते प्रत्येक चिमटा असाच पारखत आले होते, दाबायचा आणि कान लावायचा. चिमटा ढिम्म. पुन्हा दाबलं, टाचा उचलून दाबलं. तरी ढिम्म.

"अडकलाय," काका जाहीरपणे म्हणाले. आवाजात काळजी असायला हवी होती, होती ती चक्क मजा. "पहिल्याच दिवशी अडकला तुझा चिमटा."

अंगणात चार पोस्टमन उभे होते, बायकोही होती. टापटीपनं पुढचं चाक वीतभर उचललं आणि सोडून दिलं. चाक जमिनीवर आपटलं, आतून बारीक टक आवाज आला आणि चिमट्यानं तो धक्का सगळाच्या सगळा गिळला.

"वरून दाबलं तर हा हलत नाही दादा. मुद्दामच नाही हलत. आत पितळेचा एक जड तुकडा आहे, बारीक स्प्रिंगवर ठेवलेला. खालून दगड लागला की पाय झटकन वर जातो, तुकडा मागं राहतो, तेलाची वाट उघडते. अर्ध्या सेकंदानं तुकडा परत जागेवर, वाट बंद. माणसानं कितीही जोर लावला तरी त्याला पत्ता नाही. त्याला फक्त रस्ता कळतो."

"म्हणजे मला खटका नको?" बायकोनं विचारलं.

"विसरायला काही शिल्लकच नाही वहिनी."

ती हसली. चार पोस्टमन हसले, पण ते काकांच्या 'अडकलाय'ला हसले. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

उजव्या पायाच्या तळाशी एक बटण होतं. केवढा धक्का लागला की चिमटा सुटावा, ते त्यानं ठरायचं. एका फेऱ्यात बारा घरं, प्रत्येक घराला टक. टापटीपनं तिच्या वजनाला चौथं घर लावलं आणि म्हणाला, "ठिपका देणार ना दादा? आपली पद्धत."

"कंपनीचा माल आहे, कंपनीनं सांभाळावा," काका म्हणाले आणि नेलपॉलिशची बाटली खिशात घालून आत गेले. 'आपली' हा शब्द त्यांना फार टोचला.

चिमटा चांगला होता, हेच तर दुःख. वाईट असता तर काकांनी त्याच्यावर माया केली असती. त्यांनी अंगणात एका फळीवर लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, चिमट्याच्या पायावर रबरी कडी चढवली आणि बायकोला त्यावरून फेऱ्या मारायला लावल्या. कडी जिथवर सरकते तिथवर चिमटा दबला असं समजायचं. गुळगुळीत चढावर कडी जेमतेम नखभर सरकली. पट्ट्यांवर थेट अर्ध्यापर्यंत गेली. जुन्या चिमट्याला हे दोन्ही एकाच वेळी जमत नव्हतं. काकांनी ते वहीत लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

मग ते दोष शोधायला बसले. दोषही होते, कारण काका खोटं शोधणारे नव्हते. पहिला धक्का हाताला थोडा लागतोच, वाट उघडायला पापणी लवण्याएवढा वेळ जातो. थंड सकाळी तेल दाट असतं तेव्हा जरा जास्तच. बारीक खडीवर चिमटा गोंधळतो, धड ताठ नाही, धड मऊ नाही. आणि तो टक आवाज. काकांनी हे संध्याकाळी बायकोला एकेक करून ऐकवलं.

"पहिला धक्का लागतो, खरंय," ती म्हणाली. "पण पूर्वी शंभर लागायचे. आणि तो टक मला आवडतो. कुणीतरी 'बरं' म्हटल्यासारखं वाटतं."

काकांनी तेल गरम करायला ठेवलं होतं. तिनं मनगटं टेबलावर ठेवली नाहीत.

"आज राहू दे हो. दुखतच नाहीयेत."

दुसऱ्या दिवशीही राहू दे. तिसऱ्या दिवशी काकांनी तेल गरम केलं नाही, आणि केलं नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही, असं त्यांना वाटलं. जेवण झाल्यावर ती खुर्चीत बसून मुलीशी फोनवर बोलत राहिली, मोकळ्या हातांनी हातवारे करत. त्या हातवाऱ्यांकडे बघून एखाद्या नवऱ्याला आनंद झाला असता. काकांनाही झाला, नाही असं नाही, पण त्या आनंदाच्या शेजारी दुसरं काहीतरी बसलं होतं आणि ते कोपरानं ढोसत होतं. बावीस वर्षं जे यांच्या बोटांनी केलं ते एका पितळेच्या तुकड्यानं तीन दिवसांत करून टाकलं, तेही कायमचं.

टापटीप दर गुरुवारी यायचा. चाक उचलून सोडायचा, टक ऐकायचा, वहिनींशी बोलायचा. कुठल्या बोळात कसा चालला, पायऱ्यांवर काय झालं. ती त्याला वरच्या फेरीतलं सगळं सांगायची. पायऱ्या निसरड्या असलेलं दार, नुसतंच भुंकणारा कुत्रा. हे सगळं संध्याकाळच्या अर्ध्या तासातलं होतं. काका खिडकीतून बघायचे आणि हातातला चिमटा दोनदा पुसायचे.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी ती कुत्र्याची गोष्ट सांगत होती आणि टापटीप इतका हसला की त्यानं चक्क तिच्या हँडलला धरून आधार घेतला. ती गोष्ट काकांनी ऐकली नव्हती. नवी होती. यांच्या आधी त्याला सांगितली.

टापटीप गेला. ती हात धुवायला आत गेली. सायकल खिडकीखाली उभी होती. काका बाहेर आले. सायकलशेजारी उकिडवं बसून बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि न बघताच हात चिमट्याच्या पायाखाली घातला. बटण फिरवलं. टक, टक, टक, पुढं मोजलं नाही. थेट टेकेपर्यंत. मग नाडी खरोखरच बांधली, कारण ती सुटलेलीच होती.

आता चिमटा मोठ्या धोंड्याशिवाय सुटणार नव्हता. गोट्यांवर तर नाहीच. काकांनी मनाला समजावलं की जुन्या चिमट्यावर ती बावीस वर्षं ताठच तर उतरत होती, चार दिवसांनी काय बिघडतंय? मनगटं जरा दुखतील, ती टेबलावर ठेवील, म्हणेल की शेवटी यंत्र ते यंत्र. मग हळूच बटण परत. डॉक्टरीणबाईंची तारीख त्यांना आठवत होती. पुढच्या बुधवारची होती. ते आठवूनही त्यांनी बटण फिरवलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तेल गरम केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसा चालला आज?"

"चालला," ती म्हणाली.

"मनगटं?"

"ठीक आहेत."

शनिवारीही ठीक. रविवारी सुट्टी होती. तिनं लोणी काढायला बरणी घेतली, झाकण फिरवायला गेली, थांबली आणि बरणी काकांच्या पुढं सरकवली. काकांनी झाकण उघडलं. सैलच होतं. सोमवारी ती चमचा उजव्याऐवजी डाव्या हातानं धरून जेवली. तरी विचारलं तर ठीक.

हे काही काकांच्या हिशेबात बसेना. दुखतंय, मग सांगत का नाही? आधी त्यांना वाटलं, टापटीपसाठी. त्याचा चिमटा पास व्हावा म्हणून सोसतेय. हा विचार आला तेव्हा त्यांच्या अंगाचा असा तिळपापड झाला की सोमवारी दुपारी त्यांनी दोन पोस्टमनांना विनाकारण झापलं. घट्टच राहू दे बटण, असंही मनात आलं. पण मंगळवारी संध्याकाळी तिच्या हातून पाण्याचा पेला निसटला. फुटला नाही, नुसता टेबलावर आडवा झाला. तिनं घाईघाईनं फडक्यानं पुसलं आणि काकांकडे न बघता म्हणाली, "ओला होता."

पेला कोरडा होता. त्यांनीच पुसून ठेवला होता.

बुधवारी सकाळी ती तयार होण्याआधी काका कचेरीत पोचले. सायकल वाइसशेजारच्या खुंट्यावर टांगली, चाक वर. आज बटण परत फिरवायचंच. पण किती? एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मोजलं नव्हतं. चौथं घर टापटीपनं लावलं होतं, पण ते कुठल्या टोकाकडून मोजून, हे काकांनी विचारलं नव्हतं, कारण ते रागानं आत निघून गेले होते. त्यांनी दिवा खाली ओढला आणि पहिल्यांदाच ते बटण डोळ्यांनी पाहिलं.

बटणावर लाल ठिपका होता. अर्धाच. उरलेला अर्धा चिमट्याच्या पायावर, चांगला बोटभर अंतरावर.

काका स्टुलावर बसले. टापटीपनं दिला असेल, हे पहिलं वाटलं, कारण आधी वाईट तेच सुचायचं त्यांना. पण टापटीप ठिपका गोल आणि नेमका द्यायचा. हा जरा लांबट होता, शेवटाला शेपटी निघालेली. असे शेपटीचे ठिपके घरी होते. शिलाई मशीनच्या स्क्रूवर, कपाटाच्या बिजागरीवर, मुलीच्या जुन्या तीनचाकी सायकलवर. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी बायकोला शिकवलं होतं. तिनं उभ्या आयुष्यात नखांना रंग लावला नाही, पण तिच्या टपालाच्या पिशवीत एक लाल बाटली कायम असायची. चिमट्यावर ठिपका द्यायला नवऱ्यानं नकार दिला, तेव्हा तिनं तो स्वतः दिला होता, यांच्या पद्धतीनं.

आणि ती रोज सकाळी निघण्याआधी ठिपके बघायची. तेही यांनीच शिकवलेलं. म्हणजे शुक्रवारी सकाळीच तिनं पाहिलं होतं.

काकांनी ठिपक्याला ठिपका मिळवला. सगळ्या घरांची टकटक त्या रिकाम्या खोलीत फार मोठी वाटली. वळून बघतात तर ती दारात उभी, खांद्यावर पिशवी.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"ठिपका फाटला की कळतं ना. तुम्हीच सांगितलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते."

"कसली?"

"तुम्ही स्वतः परत फिरवताय का त्याची." ती आत आली आणि डाव्या हातानं सायकल खुंट्यावरून उतरवायला लागली. काका धावले, तिनं त्यांना धरू दिलं. "पहिल्या दिवशी वाटलं, उद्या फिरवतील. मग बरणीच्या वेळी वाटलं, आता तरी. सहा दिवस लावलेत हो तुम्ही."

"मी फार..." काका हँडल धरून म्हणाले.

"अकराला डॉक्टरीणबाई येणारेत," ती म्हणाली. "तोवर सूज काही उतरत नाही."

अकरा वाजता साहेबांच्या खोलीत पाच माणसं होती. साहेब टेबलाशी, डॉक्टरीणबाई खिडकीशी, समोर बायको, भिंतीला टेकून टापटीप, दाराशी वही घेऊन काका. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मनगटं दाबली. बायकोनं ओठ आवळले.

"सूज आहे. हिवाळ्यात होती तेवढीच. म्हणजे नव्या चिमट्यानं काही फरक पडलेला नाही."

"असं कसं होईल?" टापटीप भिंतीपासून सुटला. "गेल्या गुरुवारी वहिनींनी मला मनगटं फिरवून दाखवली होती. वहिनी, सांगा ना."

बायको खिडकीतून वर पाण्याच्या टाकीकडे बघत होती. साहेबांनी पेन उघडलं. ते पेन उघडलं की काहीतरी बंद व्हायचं, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"शेवटचे दिवस मोजू नका," काका म्हणाले.

"कुठले?"

"शुक्रवारपासूनचे. चिमट्याचं बटण शेवटपर्यंत घट्ट होतं. मी केलं होतं."

साहेब भला माणूस. त्यांनी पळवाट काढून दिली. "चुकून झालं असेल. नवीन वस्तू आहे."

वाट चांगली होती, रुंद होती. काकांनी त्या वाटेकडे पाहिलं आणि मग टापटीपकडे, कारण त्याच्याकडे न बघता हे सांगून काही उपयोग नव्हता. "चुकून नाही साहेब. मी कधी न मोजता स्क्रू फिरवत नाही. हा फिरवला. जळत होतो."

"कुणावर?"

"ह्याच्यावर. आणि चिमट्यावर पण."

डॉक्टरीणबाईंना खोकला आला, तो खरा नव्हता. टापटीपनं मान खाली घातली आणि स्वतःचे स्वच्छ हात पुसायला लागला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं, आधीच्या सात आठवड्यांचं काय? काकांनी वही पुढं ठेवली. कडी किती सरकली, सकाळी किती, दुपारी किती, पहिला धक्का लागतो, खडीवर गोंधळतो, बाकी सगळं जुन्यापेक्षा चांगलं. सगळं खरं लिहिलं होतं, जिथं पेन्सिलीचं टोक मोडलं तिथं नुसतं भोक पडलं होतं. शेवटच्या ओळीखाली त्यांनी तिथंच उभ्यानं लिहिलं, की सहा दिवसांची जबाबदारी माझी, आणि खाली सही केली. हजेरीच्या वहीतल्या नावानं.

साहेबांनी पंधरा दिवस वाढवून दिले. काकांना एक लेखी समज मिळाली, ती त्यांनी घडी घालून बायकोच्या सायकलच्या वहीत ठेवली. अंगणात टापटीप त्यांच्याजवळ आला, काहीतरी बोलायचं म्हणून आला आणि न बोलता पिशवीतून एक पाना काढून रिकाम्या वाइसवर ठेवून गेला. तो काकांचाच होता. खरं सांगायचं तर काकांना त्याचाही राग आला, कारण पाना चार वर्षांनंतरही त्यांच्या सगळ्या पान्यांपेक्षा स्वच्छ होता.

त्या संध्याकाळी तिनं मनगटं टेबलावर ठेवली. दुखतायत का विचारल्यावर सरळ म्हणाली, दुखतायत, आणि तुमच्यामुळे दुखतायत. काकांनी चोळली. ती बोलली नाही, तेही बोलले नाहीत. आठवडा असाच गेला. मग एक दिवस तिनं आपणहून कुत्र्याची गोष्ट सांगितली, ती टापटीपला सांगितलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काका हसले. गोष्ट तशी ठीकच होती, टापटीप उगाच एवढा हसला होता.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मनगटं दाबली, पुन्हा दाबली आणि सोडून दिली. वरची फेरी तिची तिलाच राहिली. पुढच्या आठवड्यात सतरा नव्या चिमट्यांची मागणी गेली, काकांच्या अहवालावर.

त्या दिवशी घरी जेवण झाल्यावर काका टेबलाशीच बसून राहिले होते. तेलाची वाटी फळीवर पालथी होती. आता ती रोज पालथीच राहणार, हे त्यांना कळत होतं आणि आपण चांगलं काम केलं, हेही कळत होतं. दोन्हीपैकी एकही गोष्ट दुसरीला हटवत नव्हती.

बायको उठली. वाटी सरळ केली, तेल ओतलं, कोमट केलं आणि टेबलावर आणून ठेवलं. मग समोर बसून बाह्या वर सारल्या.

"दुखतंय?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली आणि दोन्ही मनगटं त्यांच्यापुढं ठेवली. "चोळा."